अनोळखी नांवाचें हत्यार

घर म्हटलें कीं चार हत्यारें आलींच. भिंतींत खिळा ठोकावयाचा असतो, दाराची बिजागरी सैल झालेली असते, नळ गळत असतो, मुलांच्या सायकलीचें चाक डुगडुगत असतें. अशा वेळीं हातोडी, पक्कड, पाना आणि पेचकस हे चार नोकर हाताशीं असले, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. हे नोकर पूर्वीं आपण बाजारांत जाऊन पारखून आणीत होतों. पुण्याच्या बोहरी आळींत किंवा मुंबईच्या नागदेवी रस्त्यावर गिऱ्हाईक दुकानाच्या फळीपाशीं उभें राही, हत्यार हातांत घेई, त्याचा तोल पाही, पक्कडीचे ओठ उजेडाकडे धरी आणि मगच पैशांच्या पाकिटास हात घाली. तीं दुकानें आजहि आहेत. परंतु आपल्यापैकीं पुष्कळांची खरेदी आतां मोबाईलच्या कांचेवर होते. तेथें हत्यार दिसतें, पण हातीं लागत नाहीं. शिवाय ओळखीच्या दोन-चार नांवांच्या शेजारीं अनोळखी नांवांची लांबलचक रांग तेथें उभी असते. या रांगेंत कोणास घरांत घ्यावें आणि कोणास दारावरूनच परत लावावें, याचा आज आपल्याला विचार करावयाचा आहे.

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. हलक्या पान्याचा जबडा जोर लावतांच फांकतो, नटाचे सहा कोपरे झिजून गोल होतात, आणि शें-दोनशें रुपये वांचविण्याच्या नादांत सबंध जोडणी कापून काढण्याची पाळी येते. हातोडीच्या तोंडाचा टवका उडाला, तर तो डोळ्यापर्यंत पोंचण्यास क्षणहि लागत नाहीं. विजेचें काम करतांना मुठीवरील आवरण खोटें निघालें, तर पैशाचा हिशेब तेथेंच संपतो आणि प्राणाचा सुरू होतो. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी कीं, केवळ नांव ओळखीचें नाहीं म्हणून ज्या हत्याराला आपण दूर सारतों, तें एखाद्या लहानशा कारखान्यांत मन लावून घडविलेलें असूं शकतें. त्यास नाकारण्यांत त्या कारागिरावर अन्याय होतो, आणि कमी मोलांत मिळणाऱ्या चांगल्या वस्तूस आपणहि मुकतों. भोळा विश्वास आणि सरसकट अविश्वास, दोहोंतहि नुकसान आपलेंच.

नांवावरून माल ओळखावा, ही रीत फार जुनी आहे. इंग्लंडांतील शेफील्ड हें चाकू, कात्र्या व हत्यारें यांचें नामांकित गांव. तेथील कारागिरांचा संघ १६२४ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाला आणि प्रत्येक उस्तादाच्या शिक्क्याची नोंद ठेवणें हें त्याचें एक मुख्य काम होतें. माल वाईट निघाला तर शिक्क्यावरून माणूस सांपडे. शिक्क्याचा मूळ अर्थ एवढाच. पुढें एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील झोलिंगन वगैरे गांवचा माल शेफील्डचें नांव धारण करून विकला जाऊं लागला, तेव्हां इंग्रज कारखानदारांनीं ओरड केली आणि १८८७ सालीं व्यापारी शिक्क्यांचा कायदा होऊन परक्या मालावर त्याच्या जन्मभूमीचें नांव घालण्याची सक्ती झाली. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द गिऱ्हाइकानें सावध व्हावें म्हणून लिहविले गेले. परंतु त्या मालाचा दर्जा सुधारत गेला आणि तेच शब्द अल्पावधींत भूषणावह झाले. इतके, कीं १८९६ सालीं अर्नेस्ट विल्यम्स नांवाच्या इंग्रज लेखकास त्याच शब्दांच्या मथळ्याचें पुस्तक लिहून आपल्या देशबांधवांना जर्मन स्पर्धेचा इशारा द्यावा लागला.

आपल्याकडील उदाहरणहि सर्वांच्या परिचयाचें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल अशी शंका घेऊन शेतकरी त्याच्या वाटेस जाईनात, आणि पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. पुढें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली आणि तेंच नांव महाराष्ट्रांत खात्रीचें नांव झालें. तात्पर्य, नांव म्हणजे वस्तूच्या इतिहासाची आठवण होय. जेथें इतिहासच नाहीं, तेथें नांव मुकें असतें. तें चांगलेंहि सांगत नाहीं आणि वाईटहि सांगत नाहीं.

आजच्या ऑनलाईन पेठेंत हीं मुकीं नांवें इतकीं कां झालीं, याचेंहि कारण आहे. अमेझॉनसारख्या पेठेंत ज्याचें व्यापारचिन्ह सरकारदरबारीं नोंदलेलें आहे, त्या विक्रेत्यास कांहीं सोयी आणि नकलेपासून संरक्षण मिळतें. अर्थ नसलेल्या अक्षरांची जुळणी नोंदविणें सोपें, कारण तसेंच चिन्ह दुसऱ्या कोणाचें असण्याचा संभव थोडा. म्हणून उच्चारहि करतां येऊं नये अशीं नांवें निपजतात. त्यांतून एकाच कारखान्याचा पाना पांच नांवांनीं विकला जातो आणि एकाच नांवाखालीं पांच कारखान्यांचा माल खपतो. आपल्या देशांत पंजाबांतील जालंदर व लुधियाना आणि राजस्थानांतील नागौर हीं हातहत्यारांचीं मोठीं माहेरघरें आहेत; जालंदरास तर १९८३ सालापासून याच विषयाची मध्यवर्ती संस्था आहे. या गांवांतील कित्येक कारखाने स्वतःच्या नांवाखेरीज दुसऱ्याच्या मागणीप्रमाणेंहि माल घडवितात, आणि त्यावर शिक्का मागणी करणाराचा असतो. तेव्हां अनोळखी नांवापुढें आपण विचारावयाचा पहिला प्रश्न हा, कीं या नांवामागें माणूस कोण आहे?

या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यास कायदा आपल्या बाजूस आहे. बांधलेल्या मालाविषयींचे २०११ सालचे वजनमापांचे नियम आणि ऑनलाईन व्यापाराविषयींचे २०२० सालचे नियम यांप्रमाणें मालाचा मूळ देश, कारखानदार किंवा आयात करणारा यांचें नांव व पत्ता, आणि तक्रार कोठें करावी ही माहिती गिऱ्हाइकास मिळाली पाहिजे. जाहिरातीच्या तळाशीं बारीक अक्षरांत ती असते. ती वाचण्याचा आळस करूं नये. जेथें कारखान्याचा संपूर्ण पत्ता आहे, त्याच नांवाचीं दहा प्रकारचीं हत्यारें आहेत, आणि मोडलें तर बदलून देण्याची भाषा स्पष्ट आहे, तेथें माणूस उभा आहे असें समजावें. जेथें तेंच नांव पान्यावर, केसांच्या कंगव्यावर आणि कुत्र्याच्या पट्ट्यावरहि आढळतें, तेथें केवळ पाटी उभी आहे असें समजावें. पाटीवाल्याचा माल वाईटच असतो असें नाहीं. पण पुढच्या महिन्यांत त्याच पाटीखालीं तोच माल असेल याची हमी नसते.

आतां वस्तूकडे वळूं. हातहत्याराचा दर्जा चार गोष्टींवर ठरतो. धातु कोणता, त्यास पाणी कसें दिलें, माप किती अचूक, आणि हातास तें कसें बसतें. यांपैकीं जाहिरातींत डंका वाजतो तो पहिलीचा. ‘क्रोम व्हॅनेडियम’ ही अक्षरें आज जवळजवळ प्रत्येक पान्यावर कोरलेलीं दिसतात. हें पोलाद चांगलेंच आहे. त्यांत क्रोमियम सुमारें एक टक्का व व्हॅनेडियम त्याहून पुष्कळ कमी असतें. १९०८ सालच्या फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ मोटारीमुळें व्हॅनेडियमच्या पोलादाचा बोलबाला झाला. परंतु अक्षरें कोरण्यास व्हॅनेडियम लागत नाहीं, आणि तें खरोखर असलें तरीहि अर्धेंच काम झालेलें असतें. उत्तम तांदूळ आणून भात कच्चा ठेवावा, तशी गत होते.

उरलेलें अर्धें काम भट्टीचें. पोलाद लाल होईपर्यंत तापवून तेलांत किंवा पाण्यांत एकदम बुडविलें, म्हणजे तें कठीण होतें, पण त्याबरोबर कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून तें पुन्हा बेताच्या उष्णतेवर धरून थोडें नरम करावें लागतें. हें दुसरें तापविणें म्हणजे कारागिराची खरी परीक्षा. वेळ आणि जळण वांचविण्यासाठीं लबाडी होते तीहि बहुधा येथेंच. कठीणपणा मोजण्याचें यंत्र ह्यू आणि स्टॅन्ले रॉकवेल या अमेरिकनांनीं शोधिलें. त्याचें पेटंट १९१९ सालीं मिळालें. त्यांच्या ‘सी’ मापानें कानस साठाच्या वर असते, लांकूड तासण्याची पटाशी ५८ ते ६२ च्या दरम्यान, आणि हातोडीचें तोंड पन्नाशींत. पाना तर त्याहूनहि नरम, चाळिशींतला असतो, कारण त्यानें ताण सोसावयाचा असतो, कापावयाचें नसतें. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंकडा मोठा म्हणजे हत्यार मोठें, असें नाहीं. पटाशीचा कठीणपणा हातोडीला दिला, तर ती पहिल्या चार घावांत टवके उडवील. ज्या जाहिरातींत कामास साजेसा आंकडा दिलेला असतो, तेथें लिहिणारास आपला माल ठाऊक आहे. जेथें नुसतें ‘अतिकठीण’ असें विशेषण असतें, तेथें तें जाहिरात लिहिणाराचें असतें, भट्टीवाल्याचें नसतें.

दुसरा आधार प्रमाणांचा. भारतीय प्रमाण संस्था १९४७ सालीं स्थापन झाली आणि १९८७ सालीं तिचें रूपांतर भारतीय मानक ब्यूरोंत झालें. हातोडीसाठीं आय. एस. ८४१, पेचकसासाठीं ८४४, उघड्या तोंडाच्या पान्यासाठीं २०२८ आणि पक्कडीसाठीं ३६५० अशीं तिचीं प्रमाणें आहेत. मालावर आय. एस. आय. चा शिक्का असेल, तर त्याबरोबर परवान्याचा क्रमांकहि असतो, आणि तो क्रमांक खरा कीं खोटा हें ब्यूरोच्या ‘बी. आय. एस. केअर’ या मोबाईलवरील साधनानें घरबसल्या पाहतां येतें. ज्यास अनोळखी नांवाची भीति वाटते, त्यानें एवढें एक मिनिट अवश्य खर्च करावें. ‘प्रमाणाप्रमाणें बनविलेलें’ असें नुसतें म्हणणें आणि परवान्याचा क्रमांक दाखविणें, यांत बोलणें आणि दस्तऐवज इतका फरक आहे.

तिसरा आधार गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांचा. यांत खरे-खोटे इतके मिसळलेले असतात, कीं ब्यूरोनें २०२२ सालीं या अभिप्रायांसाठींच आय. एस. १९००० हें स्वतंत्र प्रमाण काढलें. आपण ते वाचावे ते असे. पांच तारे देऊन ‘फार छान’ एवढेंच लिहिणारा सोडून द्यावा. पार्सल उशिरां आलें म्हणून एकच तारा देणाराहि सोडून द्यावा. ज्यानें सहा महिने वापरून कोणता भाग झिजला, कोणत्या कामांत दगा दिला, हें सांगितलें आहे आणि त्याचें छायाचित्र जोडलें आहे, त्याचें म्हणणें दोनदां वाचावें. मधल्या तीन तारेवाल्यांत असे विवेकी लोक पुष्कळ सांपडतात. अभिप्राय दुसऱ्याच वस्तूबद्दल तर नाहींत ना, हेंहि पाहावें. जुन्या मालाची कीर्ति नव्या मालास चिकटविण्याची युक्ति या पेठेंत चालते.

चौथी गोष्ट संचांची. ‘४६ तुकड्यांचा संच’ हें वाचून मन मोहतें. पण मोजून पाहावें, तर त्या ४६ पैकीं बहुसंख्य बोटाच्या पेराएवढीं पेचकसाचीं टोंकें असतात आणि खरोखर कामाचीं हत्यारें चार-पांच. संचाच्या किंमतींत एक चांगला पेचकस आणि एक चांगली पक्कड येत असेल, तर गृहस्थानें तीं दोनच घ्यावीं. तसेंच हातोडीचें वजन सांगतांना तें डोक्याचें कीं दांड्यासकट सबंध हातोडीचें, हें पाहावें; पांचशें ग्रॅमची हातोडी म्हणजे पांचशें ग्रॅमचें डोकें असा कारागिरांचा संकेत आहे.

हत्यार घरीं आलें म्हणजे परीक्षा संपत नाहीं, खरी सुरू होते. माल परत करण्याची मुदत ही परीक्षेचीच मुदत समजावी, आणि ज्या चांचण्यांनीं वस्तूवर ओरखडा उठत नाहीं त्या आधीं कराव्या. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. कापावयाच्या धारांमधून उजेडाची रेघ दिसतां कामा नये, आणि तिनें साधा कागद स्वच्छ कापला पाहिजे. पाना योग्य मापाच्या नटावर चढवून हलवून पाहावा; सुखानें बसावा, पण डुलूं नये. चार-फुली पेचकस त्याच मापाच्या स्क्रूंत बसवून आडवा धरावा. टोंक नीट घडविलेलें असेल तर स्क्रू त्यावर क्षणभर तरी ठरतो. गुण्या तपासण्यास यंत्र लागत नाहीं. फळीच्या सरळ कडेला तो लावून एक रेघ ओढावी, मग उलटा करून त्याच ठिकाणीं दुसरी ओढावी. दोन्ही रेघा एक झाल्या तर गुण्या खरा. फांकल्या तर तें अंतर त्याच्या चुकीच्या दुप्पट असतें.

मोजपट्टीचें टोंकावरचें आंकडें किंचित हलतें, म्हणून ती सदोष आहे असें पुष्कळ लोक समजतात. तें मुद्दाम हलतें ठेवलेलें असतें, आणि हलावें तें स्वतःच्या जाडीइतकेंच, म्हणजे बाहेरून अडकवून मोजलें काय किंवा आंतून टेंकवून मोजलें काय, माप एकच येतें. पट्टीवर लंबगोलांत रोमन दोनचा आंकडा असेल, तर ती युरोपीय दुसऱ्या वर्गाची. पांच मीटरांत तिची चूक १.३ मिलिमीटरपेक्षां अधिक नसावी.

हातोडीचा दांडा लांकडी असेल, तर त्याच्या टोंकाकडून पाहावें. लांकडाच्या रेषा घावाच्या दिशेनें धांवल्या पाहिजेत. आडव्या धांवत असतील, तर दांडा केव्हांतरी दगा देणार. डोक्यावर बारीक, उंच शिवण आणि दाणेदार पृष्ठभाग दिसला, तर तें घणाखालीं घडविलेलें नसून सांच्यांत ओतलेलें असण्याचा संभव मोठा. हातोडी पारखण्यासाठीं तिच्यावर दुसरी हातोडी मात्र कधींहि मारूं नये; दोन कठीण तोंडें एकमेकांवर आदळलीं म्हणजे टवके उडतात.

शेवटची चांचणी कानशीची. पटाशीच्या धारेजवळ कानस हलकेच फिरवावी. ती चावल्याविना घसरूं लागली, तर पोलादास पाणी नीट बसलें आहे. लोणी कापल्यासारखी चावली, तर तें हत्यार नांवाचेंच. ‘नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण अशाच वस्तूसाठीं आहे. या चांचणीनें खूण राहते, म्हणून ती वस्तु ठेवून घ्यावयाची ठरल्यावर करावी. पुढच्या खरेदीला तिचा उपयोग होतो.

आतां कोठें काटकसर करावी आणि कोठें करूं नये, हें सांगतों. रंगाचे डबे उघडण्याचा पेचकस, खुणा करण्याची पट्टी, वस्तु दाबून धरण्याचे साधे शिकंजे यांत अनोळखी नांव खुशाल घ्यावें. बिघडलें तर नुकसान अल्प. मापाचीं व धारेचीं हत्यारें अनोळखी नांवाचीं घ्यावीं, पण चांचणी करूनच. घावाच्या हत्यारांत, म्हणजे हातोडी, छिन्नी यांत, कारखान्याचा पत्ता नसेल तर घेऊं नयेत. आणि चांगलीं असलीं तरी डोळ्यांवर चष्मा लावूनच चालवावीं. विजेच्या कामाच्या हत्यारांत तर कोणतीहि तडजोड करूं नये. लाल-पिवळी मऊ मूठ ही बहुधा केवळ हातास सुख देण्यासाठीं असते. आंतरराष्ट्रीय प्रमाण आय. ई. सी. ६०९०० प्रमाणें बनविलेल्या हत्यारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्ट हा आंकडा असतो, आणि त्याच्या आवरणाची परीक्षा दहा हजार व्होल्टांवर घेतलेली असते. ही खूणहि छापतां येते. म्हणून येथें माहितीचा कारखाना आणि खात्रीचा विक्रेता हेच पाहावे, आणि तरीहि मुख्य बटण बंद केल्यावांचून तारेस हात लावूं नये.

इतकें करूनहि फसवणूक झाली, तर गप्प बसूं नये. माल मुदतींत परत करावा. विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि वस्तु चांगली निघाली, तर तेंहि लिहावें. कोणत्या कामाला, किती महिने वापरली, काय झिजलें, हें चार ओळींत सांगावें. शेफील्डच्या संघानें शिक्क्यांची नोंद ठेवून जें काम केलें, तें आज कोणी एक संघ आपल्यासाठीं करीत नाहीं. तें आपण गिऱ्हाइकांनींच थोडथोडें वांटून घ्यावयाचें आहे. जालंदरच्या एखाद्या गल्लींत प्रामाणिकपणें भट्टी संभाळणाऱ्या कारागिराजवळ जाहिरातीस पैसा नसतो. आपल्या खऱ्या चार ओळी हीच त्याची जाहिरात, आणि पाटीवाल्या लबाडास तोच लगाम.

म्हणून अनोळखी नांव दिसलें, तर आधीं एकच हत्यार मागवावें, वरील रीतीनें पारखावें, आणि तें पसंतीस उतरलें तरच दुसरें मागवावें. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही घरगुती रीत आपल्या गृहिणींना ठाऊक आहेच. तीच आतां हत्यारांच्या पेटीला लावावयाची.